पंख धरून चालताना

वैमानिकाने खूण केली होती आणि ती मी पाहिलीही होती. मागच्या उघड्या कॉकपिटमधून त्याचा हात वर आला, तळवा माझ्याकडे वळला आणि बाहेरच्या बाजूला झटकला गेला. त्याचा अर्थ एकच होता: पंख सोडा आणि मागे सरा. तरीही टायगर मॉथ या जुन्या दुपंखी विमानाच्या वरच्या आणि खालच्या पंखांना जोडणारा तो उभा दांडा माझ्या मुठीतून सुटला नाही. मग तो हात पुन्हा वर आला, या वेळी अधिक जोरात हलला, आणि तेव्हा कुठे माझी बोटे उघडली. मी दोन पावले मागे गेले. इंजिनाचा आवाज चढला, वाऱ्याचा एक लोट गवत लोळवत माझ्या पायांवर आला, शेपटी उचलली गेली, आणि थोड्याच अंतरावर चाके जमिनीपासून इतक्या अलगद सुटली की नेमकी कधी सुटली ते कळलेच नाही. मला कोणी काही बोलले नाही. उतरल्यावर वैमानिकाने हसून आभारच मानले. पण मधल्या त्या दोन-तीन सेकंदांनी माझी पाठ अजून सोडलेली नाही.

खूण दिसली नव्हती, असे मी स्वतःला सांगू शकत नाही.

त्या दिवशी मी तिथे पाहुणी म्हणून गेले होते. मी हौसेखातर विमान चालवते आणि माझ्या बहुतेक सहली अशाच असतात. सुटीच्या दिवशी सेसना १७२ घ्यायचे, शेजारच्या आसनावर नकाशा सांभाळणारी मैत्रीण असायची, तासाभराच्या अंतरावरचे एखादे लहान विमानतळ गाठायचे, थोडा वेळ पाय मोकळे करायचे आणि उजेड आहे तोवर परतायचे. त्या गवती धावपट्टीच्या कडेला एक जुने हँगर होते आणि त्याच्या उघड्या दारात पिवळ्या पंखांचे टायगर मॉथ बाहेर येण्याच्या तयारीत उभे होते. वारा डावीकडून आडवा वाहत होता. या विमानाच्या मूळ रचनेत ब्रेक नाहीत. शेपटीखाली चाक नसून लोखंडी घसरपट्टी आहे, आणि ती जमिनीत रुतून जो अडथळा होतो तोच काय तो ब्रेक. अशा वाऱ्यात हलके, दुपंखी विमान जमिनीवर चालवायचे म्हणजे पंखाशी कोणीतरी माणूस लागतो. तो बरोबर चालतो, वाऱ्याने पंख उचलला तर आवरतो, वळायच्या जागी पाय रोवून उभा राहतो आणि विमान त्याच्याभोवती वळते. नेहमीचा मदतनीस आलेला नव्हता. तिथल्या वयस्क मेकॅनिकांनी आमच्याकडे पाहिले आणि मला विचारले, "याल का?" मग चालता चालता त्यांनी एवढेच सांगितले, "घट्ट धरू नका. नुसत्या बरोबर चला."

मी घट्ट धरले. पहिल्या दहा पावलांतच ते माझ्या लक्षात आले होते, कारण दांड्याची कड तळहातात रुतत होती. पण पंख जिवंत असल्यासारखा हातात हलत होता. वाऱ्याची झुळूक आली की तो किंचित वर ओढ घेई, झुळूक ओसरली की पुन्हा विसावे, आणि त्या प्रत्येक ओढीसरशी माझी पकड आपोआप आवळली जाई. डोप, म्हणजे कापड ताणून धरणारे रोगण, चढवलेले कापड माझ्या दंडाला घासत होते. बोटाने टिचकी मारली तर ते तापवलेल्या डफासारखे वाजते, हे मी हँगरमध्येच अनुभवले होते. नाकात पेट्रोलचा, गरम तेलाचा आणि चिरडलेल्या गवताचा मिळून एक वास भरला होता. ते शंभरेक पावलांचे अंतर मी माझ्या आयुष्यात चाललेल्या सर्वांत सुंदर अंतरांपैकी एक मानते. न सोडण्याचे कारण कदाचित इतके साधेही असेल. परंतु एवढ्यावर माझे समाधान होत नाही.

विमानाला हात लावण्याची सवय मला शिकाऊ दिवसांपासून आहे. उड्डाणापूर्वी विमानाभोवती एक प्रदक्षिणा घालायची असते आणि माझ्या प्रशिक्षकांचा आग्रह असे की ती डोळ्यांनी नव्हे, हातांनी घालावी. पंखाच्या पुढच्या कडेवरून तळवा फिरवत जायचे. रिव्हेटांच्या ओळी, एखादा पोचा, रात्रीच्या दवाचा ओलावा, हे सारे बोटांना आधी कळते. मग टाकीच्या तळाशी असलेल्या झडपेतून थोडे इंधन पारदर्शक नळीत काढून घ्यायचे. विमानाच्या पेट्रोलला मुद्दाम फिकट निळा रंग दिलेला असतो. त्यात पाणी मिसळले असेल तर ते जड असल्यामुळे तळाशी बसते आणि मधली सीमा काचेसारखी चमकते. सुरुवातीला मी ती नळी आकाशासमोर धरत असे. प्रशिक्षकांनी माझा हात खाली आणून तिच्यामागे विमानाचा पांढरा पंख ठेवला. नळीत निव्वळ पाणीच भरले असेल तर निळ्या आकाशासमोर तेही निळेच दिसेल, हे त्यांनी सांगेपर्यंत माझ्या मनातही आले नव्हते. इतक्या सुंदर रंगानेही माणूस फसू शकतो, या गोष्टीची मला त्या वयात फार मोठी धास्ती वाटली होती. आजही मी नळी पंखासमोरच धरते, ढगाळ दिवस असला तरीही.

सेसना १७२ हे काही दुर्मीळ विमान नव्हे. १९५६ पासून ते लोकांच्या हाती आहे आणि आजवर ४०,००० हून अधिक बनले आहेत. ते वैमानिकाच्या बऱ्याच चुका पोटात घालते. त्याच्यावर जीव असूनही त्याच्याबद्दल मला कधी हुरहूर वाटली नाही. जुन्या विमानांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्याशी माझी पहिली गाठ एका संग्रहालयात पडली होती: अंधूक दालन, दोरखंड, हात लावू नये अशी पाटी, आणि चाकांखाली तेलाचा एक थेंबही नसलेली झकपक फरशी. तिथे मी तासभर फिरले आणि काहीशी उदास होऊन बाहेर आले. काय कमी होते ते मला त्या वेळी सांगता आले नसते. ते पुढे इंग्लंडमध्ये ओल्ड वॉर्डनला समजले. रिचर्ड शटलवर्थ या तरुणाने १९२८ पासून जमवायला घेतलेल्या जुन्या यंत्रांचा संग्रह तिथे आहे. १९४० मध्ये हवाई दलाच्या प्रशिक्षणादरम्यान विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला, आणि त्याच्या आईने विश्वस्त संस्था स्थापन करून तो संग्रह टिकवला. तिथे अॅव्ह्रो ५०४के हे जुने दुपंखी विमान सुरू होताना मी कुंपणाशी उभी होते. त्याच्या ११० अश्वशक्तीच्या ल रोन इंजिनात दट्ट्यांची नळकांडी स्थिर नसतात. सगळे इंजिनच प्रोपेलरबरोबर गरगर फिरते आणि मधला दांडा जागेवर राहतो. इंजिनाच्या पोटातून पेट्रोलही जाते, म्हणून पेट्रोलमध्ये सहज न विरघळणारे वंगण हवे, आणि ते म्हणजे एरंडेल. वापरलेले एरंडेल परत टाकीत जात नाही. ते जळत, उडत बाहेर फेकले जाते. वाऱ्याबरोबर तो दाट, गोडसर, किंचित करपलेला वास आमच्यापर्यंत आला. एरंडेल म्हटले की माझे तोंड लहानपणापासून वाकडे होते, आणि त्या दिवशी मात्र मी तो वास छातीभर ओढून घेतला. दालनातल्या विमानांना वास नव्हता. तेच कमी होते.

त्याच ठिकाणी, त्याच संध्याकाळी, मी ब्लेरिओ पाहिले. लुई ब्लेरिओने २५ जुलै १९०९ रोजी ज्या प्रकारच्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, त्याच प्रकारचे आणि त्याच वर्षी बनलेले हे विमान आहे, आणि मूळ इंजिनासह उडू शकणारे जगातले सर्वांत जुने विमान म्हणून ते ओळखले जाते. हेंडनच्या उड्डाणशाळेत ते वापरात होते, १९१२ मध्ये मोडले, लंडनमधल्या एका रेल्वे पुलाखाली पडून राहिले आणि अखेर १९३५ मध्ये शटलवर्थकडे आले. त्याचे अंझानी इंजिन तीन नळकांड्यांचे, जेमतेम २५ अश्वशक्तीचे. पंखांना वळण्यासाठी वेगळ्या झडपा नाहीत, तारा ओढून अख्खा पंखच पिळायचा. असे विमान वाऱ्यात काढता येत नाही. म्हणून सारे थांबले होते. दुपारची मोठी विमाने उडून गेली होती, गर्दी निम्म्याहून अधिक पांगली होती, आणि उरलेले आम्ही शे-दोनशे लोक विंडसॉककडे, म्हणजे वारा दाखवणाऱ्या खांबावरच्या कापडी पिशवीकडे, पाहत बसलो होतो. तो हळूहळू उतरत गेला. पाऊण तासाने तो खांबाला चिकटून निपचित लोंबला, तेव्हा चार माणसांनी ते विमान हलक्या हातांनी गवतावर आणले. ते सरळ रेषेत धावले, माणसाच्या डोक्याहून थोडे वर उठले, कापऱ्या आवाजात काही क्षण तरंगले आणि पुन्हा टेकले. वळले नाही, उंच गेले नाही. ते तसेच उडवतात, तेवढेच उडवतात. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात धरला होता, हे मला ते टेकल्यावर कळले.

या छंदात पडलेल्या माणसांत एक वाद कायम चालू असतो आणि तो दर काही वर्षांनी एखाद्या अपघाताने पुन्हा उसळतो. जुने विमान उडवावे की जपून ठेवावे? १९९६ च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये एका प्रात्यक्षिकात मॉस्किटो हे दुसऱ्या महायुद्धातले विमान कोसळले आणि दोघे जण गेले. त्या काळी जगात उडू शकणारे ते शेवटचे मॉस्किटो होते. लाकडाचे विमान ते, आणि लाकूड व सरस यांचे आयुष्य धातूसारखे नसते. पुढे २०१२ मध्ये न्यूझीलंडमध्ये दुसरे मॉस्किटो उडाले, ते नव्याने घडवलेल्या साच्यांवर नव्या लाकडाचा सांगाडा चढवून. ते उडाल्याचा मला आनंद झाला, आणि त्याच आनंदात हेही टोचत राहिले की युद्धकाळात कोणा सुताराच्या हाताने बसवलेली फळी त्यात किती उरली असेल. २०१८ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडच्या डोंगरांत सहलीचे प्रवासी घेऊन निघालेले युंकर्स ५२ पडले, आणि विमानातल्या वीसच्या वीस जणांचा मृत्यू झाला. चौकशी अहवालाने वैमानिकांनी निवडलेल्या धोकादायक मार्गावर बोट ठेवले. वयोवृद्ध यंत्रावर सारे ढकलून मोकळे होण्याची सोय त्या अहवालाने ठेवली नाही.

या साऱ्यांत माझ्या मनातून न जाणारी गोष्ट मात्र 'की बर्ड' नावाच्या विमानाची आहे. २१ फेब्रुवारी १९४७ रोजी हे बी-२९ जातीचे अमेरिकी बॉम्बफेकी विमान वाट चुकून, इंधन संपत आल्यामुळे ग्रीनलँडच्या उत्तर भागात एका गोठलेल्या तळ्यावर पोटावर उतरले. आतल्या अकराही जणांची सुटका झाली. विमान तिथेच राहिले. थंडीने, कोरड्या हवेने आणि माणसाच्या अनुपस्थितीने ते जवळजवळ अर्धे शतक जसेच्या तसे जपले. मग १९९४ मध्ये काही माणसे तिथे पोहोचली. त्यांनी चार नवी इंजिने, नवे प्रोपेलर, नवी चाके लहानशा विमानाने ने-आण करून तिथे नेली आणि उघड्या माळरानावर, बोचऱ्या थंडीत ती बसवली. त्यांचा मुख्य मेकॅनिक त्या कामात आजारी पडला आणि वाचला नाही. हिवाळा आला तशी माणसे परतली, आणि पुढच्या वसंतात पुन्हा गेली. २१ मे १९९५ रोजी चारही इंजिने सुरू झाली. विमान स्वतःच्या चाकांवर तळ्याच्या बर्फावरून धावपट्टीच्या दिशेने निघाले. तेवढ्यात शेपटीकडच्या भागात, विजेसाठी लावलेल्या जनित्राच्या इंधनटाकीतून गळती होऊन आग लागली. आतली माणसे बाहेर पडली. विमान त्यांच्या डोळ्यांदेखत जळाले.

त्या प्रसंगाच्या चित्रफितीत माणसे बर्फावर उभी राहून नुसती पाहत असतात. मी ती एकदाच पाहिली, दुसऱ्यांदा धीर झाला नाही. बर्फाने अठ्ठेचाळीस वर्षे सांभाळले आणि ज्यांनी जीव पाखडला त्यांच्या हातून गेले. त्यांना दोष देणे सोपे आहे, आणि अनेकांनी तो दिला. पण त्याच ग्रीनलँडच्या बर्फातून दुसऱ्या एका चमूने १९९२ मध्ये, सुमारे ८० मीटर खोलीवर गाडले गेलेले पी-३८ हे लढाऊ विमान तुकड्यातुकड्यांनी वर काढले. जुलै १९४२ मध्ये वाईट हवामानात तिथे उतरलेल्या आठ विमानांपैकी ते एक. गरम पाण्याने बर्फ वितळवत विहिरीसारखा खड्डा पाडायचा, त्यातून खाली उतरायचे आणि विमानाभोवती गुहा करायची, असे ते काम. दहा वर्षांच्या दुरुस्तीनंतर, २६ ऑक्टोबर २००२ रोजी, ते पुन्हा आकाशात गेले. त्यांचीही ओढ तीच होती, धाडसही तेच होते. एकाला आपण वेडाचार म्हणतो आणि दुसऱ्याला पराक्रम, हे मला पटत नाही.

स्वतःच्या बाबतीत मी हात आवरण्याच्या बाजूची आहे, असे मला पूर्वी वाटत असे. काही वर्षांपूर्वी एका विमानतळावर डाकोटा येणार होते आणि प्रवाशांना घेऊन छोट्या फेऱ्या मारणार होते. मी दोन जागा राखून ठेवल्या होत्या. निम्म्याहून अधिक अंतर कापल्यावर समोरचे ढग खाली येऊ लागले. टेकड्यांचे माथे आधी धूसर झाले, मग दिसेनासे झाले. आम्ही थोडे खाली आलो, ढगही खाली आले. मैत्रीण नकाशावर बोट ठेवून गप्प होती. तिने एकदाही 'वळूया' म्हटले नाही आणि 'जाऊया'ही म्हटले नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. पुढे वीस मिनिटांवर डाकोटा उभे होते. मी सेसना वळवले. वळण पूर्ण होऊन मागचा उजेड समोर आला तेव्हा सुटल्यासारखे वाटले, आणि घरी पोहोचेपर्यंत त्याची जागा चिडचिडीने घेतली होती. संध्याकाळी कळले की तिथे दिवसभर लख्ख ऊन होते आणि डाकोटाने ठरल्याप्रमाणे सगळ्या फेऱ्या मारल्या. निर्णय बरोबरच होता. आजही पुन्हा तोच घेईन. तरी ते ऊन मला अनेक दिवस डोळ्यांसमोर दिसत राहिले, जे मी पाहिलेच नव्हते.

डाकोटात बसायला मिळाले ते पुढच्या उन्हाळ्यात. डाकोटा ज्याचे लष्करी रूप, ते डग्लस डीसी-३ पहिल्यांदा उडाले १७ डिसेंबर १९३५ रोजी, राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणानंतर बरोबर बत्तीस वर्षांनी. युद्धात त्याच्या लष्करी रूपांची संख्या १०,००० च्या वर गेली. या विमानाचे दार मागे असते आणि शेपटी जमिनीला टेकलेली असते, त्यामुळे आत पाऊल टाकताच चढ लागतो. आसनांच्या पाठी धरत, पुढे वाकत, घाटाची पायवाट चढावी तसे आम्ही आपापल्या जागी पोहोचलो. सुरू करण्याआधी बाहेरच्या माणसांनी प्रोपेलर हाताने फिरवून घेतले होते, कारण गोलाकार इंजिन उभे असताना तेल खालच्या नळकांड्यांत झिरपते, आणि ते तसेच असताना इंजिन सुरू केले तर दट्ट्या त्या तेलावर आदळून दांडा वाकू शकतो. मग डावे इंजिन खोकले, एक निळा ढग खिडकीवरून मागे गेला, आणि एकेक करून चौदाही नळकांडी कामाला लागली. तो आवाज कानांपेक्षा बरगड्यांना अधिक कळतो. धावपट्टीवर वेग वाढला तशी शेपटी उचलली गेली आणि आमच्या पायांखालचा चढ मोडत मोडत सपाट झाला. विमान अजून जमिनीवरच होते, पण जमीन सरळ झाली होती. मी नकळत पुढच्या आसनाची पाठ सोडली. त्या क्षणी मला युंकर्समधली वीस माणसे आठवली नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगते. ती आठवली उतरल्यावर, दाराकडे उतार उतरताना.

म्हणजे मी नेमकी कोणत्या बाजूची? माझे मत असे की उडू शकणारे विमान उडवावे, मात्र त्याच्या ताकदीच्या मापाने. ब्लेरिओ सरळ रेषेत डोक्याहून थोडे वर जाते आणि टेकते, तेवढे त्याला पुरते आणि पाहणाऱ्यालाही. विंडसॉक निपचित पडेपर्यंत पाऊण तास थांबणारी माणसे मला या छंदातली सर्वांत मोठी माणसे वाटतात. पण मत असणे वेगळे आणि हातात पंख असणे वेगळे. त्या दिवशी वारा योग्य होता, इंजिन तपासलेले होते, वैमानिक मुरलेला होता, आणि सोडायला नको असे एकही कारण माझ्याजवळ नव्हते. तरी मी सोडले नाही. जपण्याची इच्छा होती म्हणावे तर त्यात माझी स्वतःची हावही होती: ते अजून थोडे माझ्या हातात राहावे.

काही महिन्यांनी मला त्याच टायगर मॉथच्या पुढच्या कॉकपिटमध्ये बसायला मिळाले. १९३१ मध्ये पहिल्यांदा उडालेले हे विमान ८,००० हून अधिक संख्येने बनले आणि दुसऱ्या महायुद्धात असंख्य मुलांचे ते उड्डाणाचे पहिले धडे ठरले. मागे शिकाऊ, पुढे शिक्षक, आणि दोघांच्या मध्ये बोलण्यासाठी रबरी नळी. ती युक्ती पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टच्या उड्डाणशाळेत निघाली होती. आमच्या कानांवर आता विजेवर चालणारी यंत्रणा होती, पण वाऱ्यात तिचेही शब्द तुटत होते. सुरू करण्याची रीत मात्र तीच. मेकॅनिकांनी कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकेपर्यंत वाट पाहिली, प्रोपेलर हाताने काही वेळा फिरवून मिश्रण आत ओढून घेतले, मग मागे सरून मोठ्याने म्हटले, "कॉन्टॅक्ट!" मागच्या कॉकपिटमधून तोच शब्द परत आला. एक झटका, आणि इंजिन लागले.

हवेत गेल्यावर माझ्या लक्षात आले की मी आजवर पायांनी विमान चालवलेच नव्हते. वळण्याच्या झडपा या विमानाला फक्त खालच्या पंखांवर आहेत, आणि नुसती काठी कलवली तर नाक उलट दिशेला रेंगाळते. रडरवर, म्हणजे शेपटीतले सुकाणू वळवणाऱ्या पायपट्टीवर, पाय बरोबर पडला नाही की वारा एका गालावर आदळतो. तो आदळणे थांबले की समजायचे, पाय बरोबर आहेत. यंत्राकडे पाहायची गरजच पडत नाही. पंखांमधल्या तारा वेगाप्रमाणे वाजतात. नाक खाली गेले की त्यांचा सूर चढतो, वर आले की उतरतो, आणि फार वर आले की तंबोरा मांडीवरून खाली ठेवल्यासारखी एक शांतता येते जी वैमानिकाला आवडत नाही. डोक्यावर, दोन्ही वरच्या पंखांच्या मध्ये पेट्रोलची टाकी आहे आणि तिच्यावरच्या छोट्या काचेच्या नळीत तरंगणारा खुंट उरलेले इंधन दाखवतो. मी त्या खुंटाकडे पाहत होते आणि त्याच्या पलीकडे आकाश होते.

पण मला सांगायचे आहे ते उड्डाणाआधीचे. त्या दिवशीही वारा आडवा होता आणि पंखाशी मेकॅनिक स्वतः चालत होते. पुढच्या कॉकपिटमधून ते मला अगदी जवळून दिसत होते. मी त्यांच्या हाताकडे पाहत राहिले. त्यांनी दांडा धरलेलाच नव्हता. त्यांचा तळवा उघडा होता आणि दांड्याच्या मागच्या बाजूला नुसता टेकलेला होता, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा. पंखाने ओढ घेतली की बोटे किंचित वळत आणि लगेच पुन्हा सरळ होत. वैमानिकाची खूण आली तेव्हा त्यांना सोडावे लागलेच नाही. ते थांबले आणि पंख पुढे गेला.

उतरल्यावर मी त्यांना विचारले की इतक्या वर्षांत त्यांनी या विमानातून किती उड्डाणे केली. ते फडक्याने इंजिनाखालचे तेल पुसत होते. "एकही नाही," ते म्हणाले. मी गप्प राहिले तेव्हा त्यांनीच पुढे सांगितले, "मी वर गेलो तर खालून ऐकणार कोण?" इंजिन लांब जाताना, वळताना, परत येताना त्याचा आवाज कसा बदलतो त्यावरून त्यांना पुढच्या आठवड्याचे काम कळत असे. त्यात त्यागाचा आव नव्हता. त्यांना ऐकायला आवडत होते.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा त्या धावपट्टीवर उतरलो. सेसनाची सावली गवतावरून धावत आली, मोठी होत गेली आणि चाकांना येऊन मिळाली. हँगरचे दार उघडे होते. मेकॅनिकांनी या वेळी विचारले नाही, नुसती डाव्या पंखाकडे मान वळवली. मी तळवा उघडा ठेवला. चालताना दोनदा बोटे आवळायला निघाली आणि दोनदा मी ती सरळ केली. धावपट्टीच्या टोकाशी वळण घेताना विमान माझ्याभोवती फिरले, नाक वाऱ्याकडे झाले, आणि पंखाचे वजन हातातून जवळजवळ नाहीसे झाले. कॉकपिटमधून हात वर आला. मी उभी राहिले. दांडा तळव्यावरून सरकत बोटांच्या टोकांपर्यंत गेला आणि पुढे निघून गेला, त्यावरचे डोपचे गुळगुळीत पुट क्षणभर बोटांना जाणवले.

मी वळले तेव्हा मेकॅनिक हँगरपाशी, एक कान आकाशाकडे करून, डोळे मिटून उभे होते. चाकांपुढचे दोन्ही लाकडी ठोकळे त्यांच्या हातात होते. मी जवळ गेले तसे डोळे न उघडताच त्यांनी त्यातला एक माझ्यापुढे केला.